थोटी बाई दारात नको: परळच्या एका जोडशिल्पाचं प्रकरण

परळमधल्या एका गृहसंकुलाच्या दारात पितळी हंडे, तांब्याचा बंब, सागवानी कठड्याचे खांब आणि नळाचे पाइप जोडून केलेली एक बाई उभी आहे. दिदारगंजच्या यक्षीवरून ती केली आहे असं पाटीवर लिहिलंय, पण पाटी वाचायला कुणी थांबत नाही. बाईवरून मात्र सोसायटीच्या बैठका गाजल्या, पहिल्याच पावसाळ्यात तिच्या कमरेत डासांच्या अळ्या सापडल्या, खांद्याला चिरा गेल्या आणि शेवटी मूळ मूर्तीला नसलेला एक हात तिला मिळाला. तो कसा मिळाला आणि त्यानं शिल्पाचं भलं झालं की वाईट, याची ही नोंद. मी यात आलो तो चिरांच्या निमित्तानं. धातूचे जोड आणि गंज हे माझं काम. नावं कुणाचीच घेत नाही.

जमीन गिरणीची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि पुढे गिरणगावाचं काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. इथे महत्त्वाचं एवढंच की मागच्या इमारतीत पुनर्वसन झालेल्या चाळकरी कुटुंबांतल्या काही म्हाताऱ्या बायकांनी उमेदीच्या काळात खाणावळी चालवल्या आहेत. बायका-मुलं गावी ठेवून आलेल्या कामगारांना महिन्याच्या हिशेबानं जेवायला घालायचं, हा त्यांचा धंदा. प्रेमा पुरवांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांसाठी. पुढच्या टॉवरमधली मंडळी घरं विकत घेऊन आलेली. दोघांच्या इमारती वेगळ्या, प्रवेशद्वार एकच.

विकासकाला दारात ‘काहीतरी क्लासिकल’ हवं होतं. आर्किटेक्टनं फायबरची अप्सरा सुचवली, खाली कारंजं, रात्री निळा दिवा. ते काम ज्या शिल्पकर्तीकडे दर विचारायला गेलं ती जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेली. तिनं दर सांगण्याऐवजी उलटा प्रस्ताव दिला: चाळ पाडताना निघालेलं आणि घराघरांतून भंगारात जाणारं सामान मला द्या, त्यातून मी तुम्हाला दोन हजार वर्षं जुनी बाई उभी करून देते. विकासकाला हे स्वस्त वाटलं. ते स्वस्त पडलं नाही, पण तो त्याचा प्रश्न.

मूळ बाई

दिदारगंजची यक्षी, म्हणजे चवरी ढाळणारी चामरधारिणी, 18 ऑक्टोबर 1917 ला पाटण्याजवळ गंगेच्या काठी सापडली. चुनारचा वालुकाश्म, त्यावर आरशासारखी झिलई, उंची सुमारे सव्वापाच फूट. आधी पाटणा संग्रहालयात होती, 2017 पासून बिहार म्युझियममध्ये आहे. काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. झिलई बघून कुणी तिला मौर्यकाळात नेतं, अंगाची घडण बघून कुणी इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात आणतं. उजव्या हातात चवरी, ती खांद्यावरून मागे पडलेली. डावा हात गेलेला. कमरेखाली चुण्यांचं वस्त्र, त्यावर मेखला, पायांत जाडजूड तोडे. सगळ्या बाजूंनी पूर्ण कोरलेली, म्हणजे पाठीमागूनही बघायची मूर्ती आहे ही. भिंतीला चिकटलेली नाही.

जोडशिल्पासाठी हीच का? सांचीच्या तोरणावरची शालभंजिका जास्त ओळखीची, वेरूळच्या एकविसाव्या लेण्यातली गंगा जास्त देखणी. शिल्पकर्तीचं उत्तर सरळ होतं. शालभंजिका झाडाला धरून आहे, गंगा भिंतीला टेकून आहे. ही एकटी स्वतःच्या पायांवर उभी आहे, आणि हातात चवरी आहे, म्हणजे ती कुणाची तरी चाकरी करते आहे. ज्याला वारा घालते तो धनी कुठे दिसत नाही. खाणावळवाल्या बायकांच्या दारात हिच्याशिवाय दुसरी कोण शोभणार?

हा विचार मला पटला. निरुपयोगी वस्तू जोडून शिल्प करण्याला आता जुनी परंपरा आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं 1961 साली असेंब्लाज या एकाच प्रकारावर मोठं प्रदर्शन भरवलं होतं. आपल्याकडे नेकचंद यांनी चंदीगडमध्ये फुटक्या बांगड्या आणि कपबश्यांतून माणसांच्या रांगाच्या रांगा उभ्या केल्या. देवीच्या अंगाला हात घालणारी कामंही झाली. मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जींनी 1984 मध्ये ‘यक्षी’ केली ती दोराच्या गाठी मारून. भारती खेर दक्षिणेत नवरात्रात मांडतात त्या गोलूच्या मातीच्या बाहुल्या फोडून एकीचं धड दुसरीला जोडतात, आणि त्याच मालिकेतून 2022 मध्ये त्यांची अठरा फुटी ‘अ‍ॅन्सेस्टर’ ब्राँझमध्ये न्यूयॉर्कला उभी राहिली. मुंबईच्या शकुंतला कुलकर्णींनी बाईच्या अंगाला वेताची चिलखतं घातली. या सगळ्यांत जे टिकतं आणि ज्याची नुसती गंमत वाटून संपते, त्यातला फरक मला एकाच गोष्टीत दिसतो: वस्तू आकृतीत काही काम करते की तिला फक्त चिकटवलंय. दोर मुखर्जींच्या यक्षीला नुसता झाकत नाही, तोच तिचं अंग होतो.

परळच्या बाईत दोन्ही प्रकार होते. पावसानं ते वेगळे करून दाखवले.

सामान

मागच्या इमारतीतून आलं ते असं: हंडे, कळश्या, एक मोठा तांब्याचा बंब, पितळी स्टोव्ह, तपेल्या, खलबत्ते. चाळीच्या गॅलरीचे सागवानी खांब पाडणाऱ्या कंत्राटदारानं आधीच जोगेश्वरीच्या फर्निचर बाजारात विकले होते, त्यातले काही परत विकत घ्यावे लागले. मागावरचे धोटे आणि सुताच्या बॉबिन चोर बाजारातून. पायांतल्या तोड्यांसाठी दारूखान्याच्या भंगारातून जहाजाच्या पाइपांची फ्लँज, म्हणजे जोडाची जाड कडी, आणली. ही निवड अफलातून होती. यक्षीचे घोटे बारीक आणि वर सगळं वजन, त्यामुळे तळाचे बोल्ट कुठे लपवायचे हा प्रश्न होता. मूळ मूर्तीच्या जाड तोड्यांनी ती जागा आयतीच दिली. फ्लँज दिसतेही तोड्यासारखी आणि पायाची प्लेटही तीच धरून ठेवते.

कंबर म्हणजे दोन मोठे हंडे, तोंडाला तोंड लावून. त्यांच्यावर नावं घातलेली आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर टोच्यानं मारलेले बारीक ठिपके, अक्षरं थोडी कललेली: ‘मामाकडून भेट’, खाली 1961. शेजारच्या कळशीवर एका भिशी मंडळाचं नाव. काही ठिपके घासून घासून सपाट झालेत, बोटानं चाचपल्यावर कळतात. शिल्पकर्तीनं ही नावं मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवली. त्यासाठी हंडे तिला हवे होते तसे फिरवता आले नाहीत आणि डाव्या नितंबाचा गोलवा थोडा चुकला. तो चुकू दिला हे चांगलं केलं.

छातीवरून मात्र पहिला खटका उडाला. मातीच्या छोट्या नमुन्यात तिनं स्तनांच्या जागी दोन तांबे उपडे घातले होते. टॉवरमधल्या एका सभासदांनी उघड्या अंगाबद्दल तक्रार केली, ती अपेक्षितच होती. मागच्या इमारतीतल्या बायकांची तक्रार वेगळी होती. एक मावशी म्हणाल्या, “उघडी असू दे गं, लेण्यांत सगळ्या उघड्याच असतात. पण पूजेचा तांब्या तिथं लावू नकोस.” पुतळ्याच्या नग्नतेवर समिती दोन तास बोलली, मावशींनी एका वाक्यात विषय मिटवला.

उत्तर बंबात सापडलं. बंबाचा तांब्याचा पत्रा तांबटाकडून तापवून मऊ करून घेतला आणि त्याचं लुगडं केलं, पदर छातीवरून, निऱ्या पुढे, काष्टा मागे. याला मुंबईतच घराणं आहे. गणपतराव म्हात्रे जे.जे.त विद्यार्थी असताना, 1896 मध्ये, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ प्लॅस्टरमध्ये केली. अभिजात ग्रीक पुतळ्याचा तोल घेऊन त्यावर नऊवारी नेसवली होती. इथे निऱ्यांनी आणखी एक काम केलं. सपाट पत्रा हातानं वाकतो, दुमडलेला वाकत नाही. घडी घातल्यामुळे तो पातळ पत्रा मांड्यांचं आवरण म्हणून स्वतःच्या बळावर उभा राहिला, आतून चौकट द्यावी लागली नाही. यक्षीच्या वस्त्राच्याही पुढे चुण्या आहेत, म्हणजे मूळ सुटलं असंही नाही.

चवरीची मूठ धोट्याची. चवरीचे केस म्हणून आधी गिरणीचं सूत लावलं होतं. ते पावसात कुजणार हे मी येण्याआधीच तिच्या लक्षात आलं आणि तिनं चाळीच्या जुन्या वायरिंगमधली तांब्याची तार सोलून लावली. चेहऱ्याला डोळे-नाक नाही, पोचे आलेली एक तपेली आहे फक्त. कपाळावरच्या अलंकाराच्या जागी स्टोव्हचा बर्नर. जोडशिल्पात चेहरा केला की बहुतेक वेळा विदूषक होतो, तो मोह तिनं टाळला.

पहिला पावसाळा

जूनच्या शेवटी वॉर्डातले डास तपासणारे कर्मचारी आले, टॉर्च मारली आणि कमरेत पाणी साचल्याचं दाखवून गेले. हंडा तो हंडाच, त्याचं काम पाणी धरणं. तापमान बरं असेल तर एडिस डास अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. सोसायटीला नोटीस आली आणि टॉवरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिल्पाचं नामकरण झालं, ते इथे देत नाही.

त्याच सुमारास मेखला पडली. ती बांगड्यांच्या तुकड्यांची होती, इपॉक्सीनं चिकटवलेली. इथेही बायकांनी आधीच कुरकुर केली होती: वाढलेल्या बांगड्या अंगावर घालायच्या नसतात, आणि खाणावळवाल्यांमध्ये विधवा पुष्कळ. शिल्पकर्तीनं तेव्हा नेकचंदांचं उदाहरण दिलं होतं. पण चंदीगडला तुकडे सिमेंटात रुतलेले आहेत. इथे काच गुळगुळीत, पितळ गुळगुळीत, पितळावर वर्षानुवर्षांचा तेलकटपणा, आणि उन्हात पितळ काचेच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावतं. चिकटा कुठे धरणार? अर्धा पट्टा गळून खाली सडा पडला, तो झाडून टाकला. कुणाला वाईट वाटलं नाही.

मला बोलावलं ते लोखंडाचे लाल ओघळ आणि खांद्याच्या चिरा बघायला. ओघळांचं कारण पुस्तकी आहे. पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मध्ये मुंबईची खारट ओल आली की बॅटरी तयार होते. झिजतं लोखंड, पितळाला काही होत नाही. पितळाचं क्षेत्र मोठं आणि लोखंडाचा बोल्ट लहान असेल तर तो बोल्ट फार लवकर जातो. आतला कणा लोखंडी पाइपचा होता आणि हंडे त्याला साध्या बोल्टांनी थेट आवळले होते. उपाय म्हणून 316 दर्जाच्या स्टेनलेसचे बोल्ट घातले (304 समुद्राजवळ डागाळतं), प्रत्येक बोल्टाला नायलॉनची बाही आणि वायसर, कण्यावर इपॉक्सी रंग.

चिरा जास्त मजेशीर होत्या. डाव्या खांद्याची कळशी गळ्यापासून खाली उभी तडकली होती, तीन बारीक रेषा, आजूबाजूला ना पोचा ना घाव. वेल्डरनं आधी तांबटावर आळ घेतला. वास्तविक वेल्डर स्वतः पितळाला हात लावत नव्हता, आणि बरोबरच होतं. पितळातलं जस्त 907 अंशांना उकळतं, पांढरा धूर निघतो आणि रात्री ताप भरतो. त्यामुळे सगळे पितळी जोड तांबटानं डाग लावून, म्हणजे झाळून, आणि रिव्हेट मारून केले होते. पण दोष त्याच्याही कामाचा नव्हता. ठोकून घडवलेल्या पितळात ताण अडकून राहतो. त्यावर अमोनिया आणि ओल आली की वजन न टाकताही ते तडकतं. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. ती ठेवलेली असायची तबेल्यांत, आणि कारण होता घोड्यांच्या मुतातला अमोनिया. 1921 मध्ये या प्रकाराचा शास्त्रीय उलगडा छापून आला. परळला घोडे नाहीत, कबुतरं आहेत. टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून कुणीतरी रोज दाणे टाकतं, आणि यक्षीचा डावा खांदा नेमका त्याखाली. कळशीच्या आत जुन्या कल्हईचा नवसागरही (तोही अमोनियाचाच क्षार) थोडा सापडला, तेव्हा दोघांपैकी कुणाला किती दोष द्यायचा हे मी ठरवू शकत नाही.

उरलेली पितळी भांडी उतरवून साधारण 275 अंशांवर तासभर तापवून घेतली. एवढ्या तापमानाला ताण सुटतो, पितळ मऊ पडत नाही. मावशींना भीती होती की भट्टीत नावं जातील. गेली नाहीत.

हात

भांडी उतरवलेली असतानाच हाताचा विषय निघाला. म्हणजे तो पहिल्यापासून होता, लोक आता मोठ्यानं बोलायला लागले. नोटीस, ओघळ, चिरा, गळलेली मेखला, या सगळ्याचं मूळ बैठकीत एकाच गोष्टीत सापडलं: खंडित मूर्ती दारात ठेवली. “थोटी बाई दारात नको,” हे वाक्य टॉवरच्या आणि मागच्या इमारतीच्या लोकांनी पहिल्यांदाच एका सुरात म्हटलं.

शिल्पकर्तीचं म्हणणं होतं की हात तुटणं हा मूर्तीचा इतिहास आहे. संग्रहालयात हे ठीकच. पण तिच्या मूर्तीचा हात कुणी तोडला नव्हता, तिनं तो केलाच नव्हता. दोन हजार वर्षांनी आलेलं थोटेपण आणि मुद्दाम केलेलं थोटेपण एकच कसं? भंगारातून सगळं अंग नव्यानं रचायचं आणि एक हात तेवढा गेलेला म्हणून नक्कल करायचा, यात मला तर्क दिसत नव्हता. तो आदर होता, पण आदरात विचार कमी पडला होता. मावशींनी वेगळ्या अंगानं तेच म्हटलं: “एका हातानं वारा घालते म्हणतेस. मग वाढते कशानं?”

बायकांची सूचना होती, हातात डबा दे. त्याला शिल्पकर्तीनं ठाम नकार दिला आणि तो देणं योग्यच होतं. डबा दिला असता तर यक्षीची झाली असती खाणावळवाली बाई, चौकातल्या स्मारकासारखी, एका नजरेत संपणारी.

शेवटी जे झालं ते पाण्यामुळे झालं. कमरेतलं पाणी काढायला तळाला भोकं पाडायची होती. साधी भोकं पाडली की ओघळ निऱ्यांवरून येणार. मी म्हटलं, आतून नळी द्या. तिनं चाळीच्या सामाईक नळाचा जीआय पाइप काढला, जस्ताचा मुलामा अजून बरा होता, आणि त्याचाच डावा हात केला. खांद्यापासून खाली, कोपराला प्लंबरचा एल्बो, कमरेपाशी एक टी. हंड्याच्या तळातलं पाणी त्या टी-तून पाइपात येतं. पाइप पुढे मांडीजवळून खाली उतरून चौथऱ्यात रुतवला आहे आणि गुडघ्याच्या उंचीवर त्याला चाळीचाच पितळी नळ बसवलाय. चौथऱ्यात रुतवल्यानं आणखी एक फायदा झाला. आधी जोराच्या वाऱ्यात मूर्ती घोट्यांतून किंचित हलायची, ते थांबलं. मेखलाही बदलली. बॉबिनची पितळी कडी स्टीलच्या दोरात ओवून तिचा आवळपट्टा केला, तोच आता दोन हंडे एकमेकांना घट्ट धरतो.

समोरून बघाल तर हे काम आता पहिल्यापेक्षा निःसंशय चांगलं आहे. डाव्या अंगाला जी पोकळी होती तिथे एक उभी, कडक रेघ आली आणि तिच्यासमोर कमरेचा बाक उठून दिसायला लागला. पाठीमागून मात्र नुकसान झालंय. काष्ट्याच्या शेजारून पाइप जातो आणि मूळ यक्षीची जी खासियत, पाठ, तीच बिघडते. शिल्पकर्तीला हे मान्य आहे, तिनं पाठीचे फोटो काढू देणं बंद केलंय. नळाची कल्पना मला थोडी जास्तच चतुर वाटते. पण येणारं प्रत्येक पोर तो फिरवून बघतं, आणि म्हाताऱ्या बायका तिथे उभ्या राहून सामाईक नळावरच्या भांडणांच्या गोष्टी सांगतात, तेव्हा माझं मत मी तूर्त बाजूला ठेवतो.

पॉलिशवरून अजून ओढाताण आहे. दसऱ्याला बायकांना मूर्ती पितांबरीनं लखलखीत घासायची आहे. दिदारगंजची झिलई आठवली तर त्यांची बाजू अगदीच चुकीची म्हणता येत नाही. पण प्रत्येक घासण्यात ठिपक्यांची नावं थोडी थोडी जातात. तडजोड अशी ठरली की नावं असलेले भाग सोडून घासायचं आणि मग सगळीकडे मेण लावायचं. मेणाचा खर्च सोसायटीनं वर्षभरासाठी मंजूर केला आहे, पुढचं पुढे. कबुतरांसाठी खांद्यावर बारीक तार ताणली, दाणे टाकणाऱ्यांना दोन पत्रं गेली, दाणे चालू आहेत.

पोरांनी नळ बंद केला की कमरेत पुन्हा पाणी साचतं, म्हणून आतली चकती काढून टाकली. आता तो कितीही फिरवला तरी बंद होत नाही. पाऊस थांबल्यावर तासभर ठिबकत राहतो. त्यावर टॉवरमधल्या एका सभासदांचा लेखी अर्ज आला आहे: दारात गळता नळ असणं वास्तूच्या दृष्टीनं वाईट, त्यानं पैसा टिकत नाही. शिल्पकर्तीनं नळाला तांब्याची साखळी लावून द्यायची तयारी दाखवली आहे, म्हणजे पाणी ठिबकणार नाही, साखळीवरून ओघळेल. अर्ज आणि साखळीचं कोटेशन दोन्ही पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहेत.